देवमाशाची पिशवी

मी पिशवी बोलतेय. साधी, सुती, दोन बंदांची. माझ्या पोटात एका माणसाचे धुतलेले कपडे आहेत आणि चहूबाजूंनी देवदाराच्या फळ्या, त्यामुळे आवाज जरा दबका येईल. कान देऊन ऐका. झाकण अजून ठोकलेलं नाही, तोवर सांगून टाकते.

माझा कापूस कुठल्या शेतात पिकला, मला शिवलं कुणी, हे काही मला सांगता यायचं नाही. तिकडे ऊन होतं एवढं आठवतं. मग एका खोक्यात, माझ्यासारख्याच बहिणींच्या पाठीला पाठ लावून, मी दूर उत्तरेच्या या थंड बेटावर आले आणि ऊन संपलं. ओल्ड मॅसेट गावात पाऊस नसतो तेव्हा धुकं असतं आणि धुकं नसतं तेव्हा पाऊस यायच्या बेतात असतो. आम्हा कापडाच्या जातीला ही हवा मानवत नाही. अंगात ओल मुरते ती मुरतेच. सगळ्याच्या मुळाशी शेवटी ही ओलच निघाली, पण ते पुढे येईल.

खोकं उघडलं डॅरिलनं. रुंद खांद्यांचा, मासेमारी करणारा गडी. अंगाला डिझेलचा आणि मासे धुरवतात त्या लाकडाचा वास, आणि कॉलर ग्रीसनं कायम काळी. त्याचा मामा वारला त्याला वर्ष होत आलं होतं. वर्षानं कबरीवर दगड बसवायचा आणि गावाला जेवण घालायचं, ही इथली रीत. त्या दगडाच्या जेवणाला आलेला पाहुणा रिकाम्या हातानं परत जात नाही. त्याला घोंगडी देतात, टॉवेल देतात, बरणीतले मासे देतात. हे सगळं न्यायचं कशात, म्हणून आम्ही.

आमच्या अंगावर डॅरिलनं काळा देवमासा छापला. स्वतः काढलेला. जाड काळी रेघ, आतून लाल, पाठीवरचा पर उभा ताठ आणि एक मोठा डोळा. हा देवमासा वाटेल त्यानं काढायचा नसतो. तो डॅरिलच्या आईच्या घराण्याचा, तिच्याही आईच्या, आजीच्या घराण्याचा. इथली सगळी घराणी दोन बाजूंत वाटलेली: माणूस एक तर डोमकावळ्याच्या बाजूचा असतो, नाही तर गरुडाच्या. मूल आईच्या बाजूला जातं आणि लग्न नेहमी पलीकडच्या बाजूशी होतं. डॅरिल आणि त्याची आई लव्हिना डोमकावळ्याच्या बाजूचे. बाप गरुडाचा होता. तो केव्हाच गेला. पण बापाची बहीण, डॅरिलची आत्या बर्निस, दोन घरं सोडून राहायची आणि दिवसातून चारदा डोकावून जायची.

मला छापताना शाई जरा जास्त झाली. देवमाशाच्या डोळ्यात ती फराटली आणि डोळा अर्धा मिटला. डॅरिलनं मला चुलीकडे भिरकावलं, पण वाटेत बर्निसनं झेललं.

"ही माझी."

"आत्या, पाहुण्यांच्या सामानाला आत्ताच हात नको लावू. आणि ती बिघडलीये."

"मी पाहुणीच आहे की! आणि बिघडलेली कसली? बघ, डोळा मारतोय मला. तुमच्या अख्ख्या घराण्यात मला डोळा मारणारा हा पहिलाच नर."

"वाकडा आहे, म्हणून मारतोय," लव्हिना स्टोव्हपासून मान न वळवता म्हणाली.

"तुझा भाऊ काय सरळ होता, वहिनी?"

मामाचा विषय निघाल्यावर त्या घरात गेल्या वर्षभरात कुणी हसलं नव्हतं. त्या दिवशी तिघंही हसली. माझी जन्मवेळ म्हणायची तर ती हीच.

बर्निसनं मला वापरलं, आणि चांगलं वापरलं. किनाऱ्यावरच्या शिंपल्या, बटाटे, लोकर नि सुया, सगळं मी वाहिलं. कुणाच्याही जेवणाहून परतताना ती उरलेलं अन्न माझ्यात भरायची आणि वर म्हणायची, "डोमकावळ्याच्या लोकांना माझं ओझं वाहायला लावायचं म्हणजे पुण्यच." मग महिनाभर मला ट्रकच्या सीटखाली विसरायची. माणसांचं हे असंच असतं. गरज असली की दहा दारांमागे शोधतील, नसली की पायाखाली. मी काही मनावर घेतलं नाही. पिशवीनं मानापमान करायचे नसतात.

मग तो शरद ऋतू आला. डॅरिल हॅलिबट मासे धरायला एकटाच गेला आणि मागून वारा फिरला. त्याची बोट उलटी झालेली सापडली. तो सापडला नाही. तटरक्षक दलाची बोट आली, हेलिकॉप्टर आलं, गावातल्या सगळ्या होड्या जाऊन आल्या. बर्निसनं माझ्यात सुपाच्या बरण्या भरल्या आणि लव्हिनाकडे नेल्या. बरण्या तिथेच राहिल्या आणि मीही राहिले.

आता इथली एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. माणूस मेला की त्याच्या स्वतःच्या बाजूच्यांनी त्याला हात लावायचा नसतो. त्यांनी फक्त रडायचं. अंघोळ घालणं, कपडे करणं, पेटी बनवणं, खड्डा खणणं, हे सगळं बापाच्या बाजूनं करायचं. डॅरिलचं करायचं म्हणजे बर्निसनं आणि तिच्या भावांनी, रूबेननं नि बाकीच्यांनी.

आणि लव्हिनानं काय केलं? तिनं त्याच्या खोलीतून जाड लोकरीचा स्वेटर आणला, पँट आणली, मोज्यांचे दोन जोड आणले आणि स्वतःच्या हातांनी माझ्यात भरले. बर्निस दारात उभी राहून बघत होती. तिचा चेहरा पडला.

"वहिनी, हे तू का करतेस? हे आमचं काम आहे."

"तो मेला असेल तर तुमचं. माझा मुलगा भिजलाय. भिजलेल्या मुलाचे कोरडे कपडे आईच काढून ठेवते."

बर्निस दारातून बाजूला झाली. आईनं स्वतः हात लावला, म्हणजे मुलगा जिवंत. लव्हिनानं रीत मोडली नव्हती, रीतच आडवी घातली होती. आणि तिच्यासमोर बोलायची कुणाची टाप होती!

तो सबंध हिवाळा मी तिच्या खांद्यावर काढला. कुठलीही बोट धक्क्याला लागायची असली की आम्ही दोघी हजर. तिचा हिशेब सरळ होता. तो कुठल्या तरी लहान बेटावर चढला असणार, कुणाला तरी सापडणार, थंडीनं काकडत उतरणार आणि उतरल्याबरोबर त्याला कोरडे मोजे लागणार. पाऊस माझ्या अंगातून आत झिरपायचा. मी करकचून धरून ठेवायचा प्रयत्न करत होते हो, पण सुताच्या हातात किती असतं?

इथे सगळ्या म्हाताऱ्या बायकांना नानी म्हणतात. धक्क्यावरचे लोक आधी म्हणायचे, "नानी, चल, घरी सोडतो." मग म्हणायचे, "नानी, आज काही नाही गं." मग बोलेनासे झाले. दोर बांधता बांधता ते मान खाली घालायचे आणि बोटीच्या पलीकडच्या अंगानं उतरायचे. वाईट नव्हते ते. दुःखाला काय बोलावं हे सुचलं नाही की माणूस वाट बदलतो, हे मी त्या हिवाळ्यात खूपदा पाहिलं.

बर्निस मात्र वाट बदलणारी नव्हती. ती यायची, लाकडं भरायची, भांडायची.

"रूबेननं देवदाराच्या फळ्या आणून ठेवल्यात. नुसत्या शेडमध्ये पडून आहेत."

"पडू देत."

"वहिनी, तो आमच्या भावाचा मुलगा होता."

"आहे."

"बरं, आहे! पण आमचं काय? तुला रडायला हे घर आहे. आम्हाला काम करूनच रडता येतं. तू आमचे हात बांधून ठेवलेस."

लव्हिनानं मला उचललं, खुंटीवरून कोट घेतला आणि बोट यायची नसतानाही धक्क्यावर जाऊन उभी राहिली. बर्निस खिडकीतून बघत होती. एवढी बोलभांड बाई, पण ती त्या दिवशी भांडी न विसळताच घरी गेली.

हिवाळ्याच्या अखेरीस खाडीत देवमासे आले. काळे पर पाण्याबाहेर काढत, अगदी गावाजवळून. समुद्रात बुडालेला माणूस देवमाशांच्या घरी जातो आणि त्यांच्यातलाच होतो, असं इथले जुने लोक सांगत आले आहेत. सगळं गाव किनाऱ्यावर जमलं. कुणी टोपी काढली, कुणी हात वर केला. धक्क्यावरचा एक जण धावत लव्हिनाच्या दाराशी आला. "नानी, आलेत ते. बाहेर ये."

"माझा मुलगा दोन पायांचा आहे," लव्हिना म्हणाली आणि तिनं पडदा ओढला.

मी तिच्या मांडीवर होते. माझ्या अंगावरच्या देवमाशाला ती अंगठ्यानं घासत राहिली, डोळा फराटला होता तिथे. मला वाटलं, पुसूनच टाकते की काय. पण शाई पक्की होती. डॅरिलनं कामात कसूर केलेली नव्हती.

त्याच आठवड्यात ती आजारी पडली. एवढं भिजल्यावर काय होणार? छातीत कफ भरला, ताप चढला. नर्स येऊन औषध देऊन गेली आणि बर्निस अंथरूण घेऊन राहायलाच आली. लव्हिना आतल्या खोलीत ग्लानीत पडलेली. मी स्टोव्हमागच्या खुंटीवर. तिसऱ्या का चौथ्या दिवशी सकाळी बर्निसनं नाक आक्रसलं.

"काय कुजलंय इथे?"

तिनं डबे हुंगले, कचरा हुंगला, मग मला हुंगलं. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. अख्ख्या हिवाळ्याची ओल माझ्या पोटात होती. तिनं मला टेबलावर उपडी केलं. मोज्यांवर हिरवी बुरशी, स्वेटरच्या बाहीवर पांढरी.

"अरे देवा," बर्निस म्हणाली. "हे घातले तर पोराला खरूज होईल."

हे ती बोलली, हे मी माझ्या या कानांनी, म्हणजे बंदांनी, ऐकलं. घातले तर. म्हणजे त्या क्षणी तिच्याही मनात तो जिवंतच होता. तिनं सिंकमध्ये कोमट पाणी घेतलं. लोकर मशीनमध्ये आटते म्हणून साबणाची वडी घेऊन हातानं धुवायला बसली. मोजे उलटे करून घासले. कॉलरवरच्या ग्रीसला ब्रश लावला. तोंडानं कसलंसं गाणं गुणगुणत होती. मलाही धुतलं. सगळं स्टोव्हवरच्या दोरीवर टाकलं, आणि दुपारी, सगळं खडखडीत वाळल्यावर, घड्या घालायला घेतलं.

दुसरी बाही दुमडताना तिचे हात थांबले.

गाणं थांबलं. ती हातांकडे बघत राहिली. गरुडाच्या बाजूच्या बाईनं, बापाच्या बहिणीनं, डॅरिलचे कपडे धुतले होते, वाळवले होते आणि घडी घालून ठेवत होती. हे काम बापाच्या बाजूची बाई एकदाच करते, माणूस मेल्यावर. सबंध हिवाळा जे कुणी तोंडानं बोललं नव्हतं, ते तिच्या हातांनी करून टाकलं होतं.

तिनं घाईघाईनं स्वेटर माझ्यात कोंबला. मोजे कोंबले. मला खुंटीला अडकवायला वळली तर दारात लव्हिना उभी होती, भिंतीला धरून.

"काय केलंस?"

"वहिनी, बुरशी आली होती गं... मी फक्त..."

लव्हिनानं मला ओढून घेतलं. स्वेटर काढला, तोंडाशी धरला, खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. काख हुंगली, कॉलर हुंगली. नुसता साबण.

"त्याचा वास होता यात," ती म्हणाली. "बुरशीखाली होता. मी रोज शोधून काढायची. तेवढाच होता माझ्याकडे."

"वहिनी, देवाशपथ, चुकून झालं."

"बाहेर हो."

बर्निस गेली. कोट न घेता गेली आणि पायरीवर बसली. बाहेर पाऊस होता, हे सांगायला नकोच. लव्हिना टेबलाशी बसली. ती ओरडली नाही. स्वेटर मांडीवर, त्यावर मी, आणि माझ्यावर तिचे हात. ताप अजून होता; हातांची धग मला लागत होती. मग ती रडली. इतक्या महिन्यांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. धक्क्यावर नाही, देवमासे आले तेव्हा नाही. आता रडली ती मात्र अशी की स्वेटर पुन्हा ओला झाला. मी पिशवी, मला पोटात घेता येतं, दुसरं काही येत नाही. मी तेवढं घेतलं.

बऱ्याच वेळानं ती उठली आणि दार उघडलं.

"कॉलर घासलीस?"

पायरीवरून बर्निसनं वर पाहिलं. केस कपाळाला चिकटलेले. "घासली."

"ग्रीस निघालं?"

"सगळं नाही."

"त्याचं कधीच निघायचं नाही." लव्हिना चौकटीला टेकली. "आत ये. तिथे बसून मेलीस तर तुला आम्हा डोमकावळ्यांनाच उचलावं लागेल, आणि माझ्या गुडघ्यांत तेवढा जोर नाही."

बर्निस आत आली. लव्हिनानं तिला टॉवेल दिला, डॅरिलच्या मामाच्या जेवणातला, शिल्लक राहिलेला. दोघी नणंद-भावजया स्टोव्हपाशी बसल्या.

"मी मुद्दाम नाही गं केलं, वहिनी."

"माहीत आहे मला. मुद्दाम केलं असतंस तर मी मानलंच नसतं." मग स्टोव्हमध्ये लाकूड सारत म्हणाली, "रूबेनला सांग, फळ्या बाहेर काढ म्हणावं."

रूबेननं विचारलं, पेटी केवढी करायची? आत ठेवायला तर काही नाही. प्रश्न तसा बरोबर होता, पण बर्निसनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "त्याच्या मापाची. आणखी केवढी!"

आज सकाळी मला गावच्या हॉलमध्ये आणलं. लव्हिनानं मला हात लावला नाही. ती आपल्या लोकांत बसली आहे, त्यांनी बसायचं तिथे. घडी घातलेली पँट, स्वेटर आणि मोज्यांचे दोन्ही जोड बर्निसनं माझ्यात ठेवले आणि मला पेटीच्या मधोमध निजवलं, देवमासा वर करून. तो मिटलेला डोळा तिनं बोटानं एकदा पुसला. "आता डोळा मारू नकोस," ती मला म्हणाली. "लोक बघतायत."

आम्हाला वारंवार वापरायच्या पिशव्या म्हणतात. एकदा वापरून टाकून द्यायच्या नव्हेत, त्याचा आम्हाला केवढा तोरा! बटाटे वाहून झाले, सूप वाहून झालं, एका आईची आशा वाहून झाली. आता एक माणूस न्यायचा आहे, आणि तिथून मला कुणी रिकामी करून परत आणणार नाही. माझी तक्रार नाही. पण भीती वाटते, खोटं कशाला बोलू. तिथेही ओल असणारच.

जाता जाता एवढंच मागते. तुमच्या घरचं कुणी गेलं तर त्याचे कपडे धुवा, ते धुवायलाच लागतात. फक्त त्याआधी, ज्याला ते हुंगायचे असतील त्याला पोटभर हुंगू द्या. साबण कुठे पळून जात नाही.

झाकण बसलं बघा. अंधार झाला. खिळे ठोकतायत, रूबेनचा हात जड आहे. आता भाऊ आणि त्यांचे सोबती पेटी उचलतायत. कुणीतरी हळूच म्हणालं, "अरे, काहीच वजन नाही रे," आणि लगेच बर्निसचा दबका आवाज: "गप्प. जड असल्यासारखं चाला." मग त्यांची पावलं जड पडू लागली. खरोखर जड.

दाराशी पेटी वळताना कशाला तरी धडकली आणि माझ्या पोटातले मोजे हलले. तेवढ्यात मागून लव्हिनाचा आवाज आला, धक्क्यावर यायचा तसा, स्पष्ट.

"सांभाळून रे. त्या बाजूला त्याचं डोकं आहे."

"हो वहिनी," रूबेन म्हणाला. ते सगळे थांबले आणि त्यांनी ती बाजू जरा उंच धरली.